जकातीचा रांजण आणि गोठलेली उत्तर

पुणे जिल्ह्याच्या नकाशात सर्वांत वरच्या टोकाला जुन्नर तालुका येतो. त्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार एकाएकी तुटून कोकणात उतरते, उत्तरेला हरिश्चंद्रगडाची रांग आडवी पडलेली आहे, आणि या दोहोंच्या कुशीतून निघालेल्या कुकडी, मीना, पुष्पावती या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन अखेर घोड नदीला मिळतात. कुकडीच्या दक्षिणेला जुन्नर शहर व त्याला लागून शिवनेरी, आणि नदीपलीकडे उत्तरेला लेण्याद्रीचा डोंगर, अशी या परिसराची ठेवण आहे. जुन्नर विषुववृत्तापासून १९ अंशांवर आहे, तर रशियातील मुर्मान्स्क हे बंदर ६९ अंशांच्या जवळपास. त्यामुळे जुन्नरला ‘उत्तरेचे शहर’ म्हटले तर मुर्मान्स्कच्या रहिवाशाला हसू येईल. तरीही या दोन शहरांची कुंडली एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे, कारण शहर कसे वाढते आणि कशाने आटते हे ठरताना अक्षांशापेक्षा त्याचे काठावर असणे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते.

‘काठावरचे शहर’ म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. सुपीक खोऱ्यात गावे वाढतात, त्यांपैकी एखाद्या गावाचा आठवडी बाजार मोठा होतो, बाजाराभोवती पेठा आणि पेठांभोवती शहर उभे राहते. ही नेहमीची रीत. काही शहरे मात्र अशी असतात की त्यांच्या आसपासच्या जमिनीने त्यांना मागितलेले नसते. दूरच्या राजाला जकात हवी असते, कंपनीला खनिज हवे असते, आरमाराला बर्फ न धरणारे बंदर हवे असते, आणि त्या गरजेपोटी एखाद्या अवघड जागी वस्ती बसवली जाते. उत्तर ध्रुववृत्ताच्या, म्हणजे साडेसहासष्ट अंशांच्या, आसपास आणि त्यापलीकडे आज जी शहरे आहेत त्यांतील बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत. मराठी वाचकाची या प्रदेशाशी पहिली ओळख बहुधा लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात शोधणाऱ्या ग्रंथामुळे झाली. टिळकांचा सिद्धांत आज अभ्यासकांना मान्य नाही. पण त्या ग्रंथाने ध्रुवप्रदेश मराठी घरात आणला, तोही नॉरिल्स्क किंवा मुर्मान्स्क यांतले एकही शहर अस्तित्वात नव्हते अशा काळात.

जुन्नरची मुळे घाटात आहेत. शहराच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर, घाटघर गावापाशी, सह्याद्रीच्या कड्यात एक अरुंद नाळ आहे. तिच्यातून कातळ फोडून काढलेली पायवाट खाली मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेकडे उतरते. हा नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने देशावर येत असे आणि पुढे पैठणपर्यंत जात असे. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आजही उभा आहे: एका अखंड दगडातून कोरलेला, पोट फुगीर. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने जकातीची नाणी यात टाकावीत अशी व्यवस्था होती, असे परंपरा सांगते. तेथूनच जवळ सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये या लेखाकडे जगाचे लक्ष वेधले. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांची भलीमोठी यादी त्यात आहे, आणि संख्या दाखवण्यासाठी वापरलेली चिन्हे भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत मोडतात. जिथे माल मोजला जात होता, तिथेच अंक कोरले गेले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

घाट सांभाळायचा तर घाटाच्या माथ्यावर पहारा हवा, आणि चढण चढून थकलेल्या तांड्याला विसावा हवा. पहिल्या गरजेतून जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी ही किल्ल्यांची माळ तयार झाली. दुसऱ्या गरजेने जुन्नर वसवले. शहराभोवतीच्या डोंगरांत तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री असे लेण्यांचे गट आहेत. सर्व मिळून दोनशेहून अधिक खोदकामे एकाच शहराभोवती असणे भारतात दुर्मीळच. ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी होती, पण ती कोणाच्या पैशाने झाली हे वाचले म्हणजे शहराचे खरे रूप दिसते. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, जे चैत्यगृह म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनामंदिर आहे, तेथील लेखात दान देणाऱ्याचे नाव सुलसदत्त असे असून तो कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा आहे. घाटाखालच्या बंदरातला पैसा घाटावरच्या कातळात मुरला तो असा. शिवनेरीवरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला आहे. मानमोडीच्या लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचे दान आणि ४६ हे वर्ष कोरलेले आहे.

या लेखांत श्रेणी हा शब्द वारंवार भेटतो. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील कारागिरांचा किंवा व्यापाऱ्यांचा संघ. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचे व्यापारी अशा श्रेणी जुन्नरात होत्या आणि लोक त्यांच्याकडे ठेव ठेवत, म्हणजे मुद्दल संघाकडे राही आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चाले. एका लेखात तर करंजाची आणि वडाची झाडे लावावीत यासाठी जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे लावून दिलेले आहे. शहराच्या बाहेर सावली असावी अशी तरतूद दोन हजार वर्षांपूर्वी लेखी करून ठेवणारे हे गाव निव्वळ मुक्कामाचा तळ राहिलेले नव्हते. जकातीसाठी बसलेल्या वस्तीचे नागरी जीवन तोवर तयार झाले होते.

लेण्याद्रीचे सातवे लेणे या नागरी जीवनाची श्रीमंती दाखवते. एकही खांब नसलेले भलेमोठे दालन, त्याच्या तीन बाजूंना मिळून २० खोल्या, पूर्वी भिक्षूंच्या निवासाच्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या पुढे एक करून तेथे गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली, आणि अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेले हे एकमेव स्थान ठरले. भिक्षू गेले, व्यापारी गेले, तांडे थांबले, तरी जागा ओस पडली नाही; तिला दुसरा धनी मिळाला. काठावरच्या शहरांच्या आयुष्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, आणि उत्तरेतल्या ज्या शहरांना असा दुसरा धनी मिळाला नाही त्यांची गत फार वाईट झाली.

घाटावर जगणाऱ्या शहराचे दुखणे असे की त्याची नाडी दुसऱ्याच्या हातात असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नावाड्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणविषयी एक नोंद आहे: पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण सत्ता बदलल्यावर त्याची नाकेबंदी झाली आणि तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या चढाओढीचा हा परिणाम होता. कल्याणला जहाज लागले नाही तर नाणेघाटाचा रांजण रिकामा राहणार हे उघडच आहे, आणि तो निर्णय जुन्नरमध्ये बसलेल्या कोणाच्याही हातात नव्हता.

जकातीसाठी बसवलेल्या शहराचे उत्तरेतले उत्तम उदाहरण सायबेरियात सापडते. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला ते वर्ष १६३०. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६३२ मध्ये, रशियन कोसॅक शिपायांनी लेना नदीच्या काठी लाकडी तटाचे एक ठाणे उभारले. तेच आजचे याकुत्स्क. स्थानिक याकूत लोकांकडून ‘यासाक’, म्हणजे सेबल या मुंगसासारख्या प्राण्याच्या कातड्याच्या रूपातला कर, गोळा करणे हे या ठाण्याचे काम होते. येथे रांजणात नाणी पडत, तेथे कोठारात कातडी. पण दोन्ही ठिकाणी शहराचा जन्म वसुलीतून झाला.

दोन उत्तरांची प्रत्यक्ष गाठही एकदा जुन्नरात पडली आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. बहमनी सत्तेचा सुभेदार असदखान तेव्हा येथे होता. त्याने निकितिनचा घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारला तरच परत देईन असे बजावले. अखेर खोजा मुहंमद नावाच्या एका गृहस्थाने रदबदली केल्यावर घोडा सुटला. निकितिनने लिहून ठेवलेल्या प्रवासवृत्तात जुन्नरचे वर्णन खडकाळ बेटावरचे शहर असे आहे, आणि वर जाण्याची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो असे तो सांगतो. त्याला सर्वांत नवल वाटले ते पावसाचे. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल असतो, असे नोंदवताना त्याने या ऋतूला हिवाळाच म्हटले आहे; बर्फामुळे वाटा बंद होण्याची सवय असलेल्या माणसाला वाटा बंद करणारा प्रत्येक ऋतू हिवाळाच वाटणार. नाणेघाटाची वाट पावसाळ्यात धुक्यात बुडते तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही.

पुढे जुन्नरने राजधानीचे दिवसही पाहिले. मलिक अहमद हा बहमनींचा येथील सुभेदार. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र सत्ता पुकारून निजामशाहीचा पाया घातला. परंतु काठावरचे ठिकाण बंडाला जेवढे सोयीचे असते तेवढे राज्यकारभाराला नसते, आणि चारच वर्षांत, १४९४ मध्ये, भिंगारजवळ सीना नदीच्या काठी नव्या शहराची उभारणी सुरू झाली. तेच अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने मोडकळीला आलेली निजामशाही सावरताना पुन्हा काही वर्षे जुन्नरला राजधानी ठेवली, आणि मग तीही हलली. व्यापार मात्र टिकून होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घातला तेव्हा तीन लाख होन आणि २०० घोडे हाती लागले, असे इतिहासकार सांगतात. ज्या शहरात एवढे धन एका रात्रीत सापडते त्याची पेठ मोठी असली पाहिजे. कागद हाही येथला धंदा होता. जुन्नरच्या कागदी कारागिरांनी हाताने बनवलेला जुन्नरी कागद मराठी दफ्तरांत आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत वापरला जाई.

शहराचा खरा कस एकोणिसाव्या शतकात लागला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबईहून सह्याद्री ओलांडण्यासाठी दोन वाटा निवडल्या: दक्षिणेला बोरघाट, जो १८६३ मध्ये खुला झाला, आणि उत्तरेला थळघाट, जो १८६५ मध्ये. नाणेघाट या दोहोंच्या मधोमध राहिला. रूळ दोन्ही बाजूंनी गेले आणि कोकणचा माल पुणे व नाशिककडे वळला. दोन हजार वर्षे ज्या नाळेतून बैल चढत होते तिच्यात फक्त गुराखी आणि पुढे गिर्यारोहक उरले. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हातकागदही टिकला नाही. २०११ च्या जनगणनेत जुन्नर शहराची लोकसंख्या सुमारे २५ हजार भरली. सातवाहनांच्या काळापासून नाव असलेल्या शहरासाठी हा आकडा लहानच म्हणायचा.

रेल्वेने जुन्नरला बाजूला टाकल्यावर काही दशकांतच दूर उत्तरेत नेमके उलट घडत होते, रेल्वेच शहरे जन्माला घालत होती. स्वीडनच्या उत्तरेला किरुनावारा नावाच्या डोंगरात उच्च प्रतीचे लोहखनिज होते, पण ते बाहेर काढण्याची वाट नव्हती. १९०२-०३ मध्ये तेथून नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंत रेल्वे पूर्ण झाली. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे नार्विकचे पाणी हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून एवढा खटाटोप. खाणीचा व्यवस्थापक ह्यालमार लुंडबोम याने खाणीजवळ किरुना हे शहर आखीव रीतीने वसवले. मुर्मान्स्कची कथाही तशीच आहे: पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची रसद रशियाला पोचावी यासाठी घाईघाईने रेल्वे टाकली गेली आणि १९१६ मध्ये तिच्या टोकाला, न गोठणाऱ्या खाडीवर, झारशाहीतले शेवटचे शहर स्थापन झाले.

येथून पुढे देशोदेशींच्या वाटा वेगळ्या होतात. सोव्हिएत राजवटीने उत्तरेला मोठी शहरे उभारण्याचा चंग बांधला. नॉरिल्स्क हे त्याचे टोकाचे उदाहरण. निकेल आणि तांब्याच्या साठ्यांसाठी १९३५ मध्ये तेथे छळछावणी सुरू झाली आणि कैद्यांच्या श्रमातून शहर घडले. आज त्याची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे, तरी उरलेल्या रशियाशी त्याला जोडणारा रस्ताही नाही आणि रेल्वेही नाही. येनिसेई नदीवरच्या दुदिंका बंदरातून किंवा विमानानेच जावे लागते. अशा ठिकाणी घर बांधणे ही स्वतंत्र विद्याच आहे. जमीन वर्षानुवर्षे शून्य अंशाखाली गोठलेली असते; तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. घर थेट जमिनीवर टेकवले तर घरातल्या उष्णतेने खालचा बर्फ वितळतो, माती चिखल होते आणि घर स्वतःच्याच उबेने खचते. म्हणून खोल खांब रोवून त्यांवर इमारत उचलून धरतात आणि मधल्या पोकळीतून थंड वारा वाहू देतात. हवामान तापू लागल्यापासून हे खांबही पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाहीत. २०२० मध्ये नॉरिल्स्कजवळ डिझेलची एक टाकी खचून सुमारे २१ हजार टन तेल नद्यांत व मातीत गेले, तेव्हा ही चिंता जगासमोर आली.

माणसे टिकवण्यासाठी सोव्हिएत सरकार उत्तरेत जादा पगार देई. १९९१ नंतर ती व्यवस्था ढासळली आणि लोक दक्षिणेकडे परतू लागले. मुर्मान्स्कची लोकसंख्या १९८९ मध्ये ४ लाख ६८ हजार होती, ती २०२१ मध्ये २ लाख ७० हजारांवर आली. नॉर्वेने याउलट थोडीथोडी माणसे सगळीकडे राहावीत असे धोरण धरले. ट्रॉम्सो येथे विद्यापीठ काढण्याचा निर्णय तेथील संसदेने १९६८ मध्ये घेतला, आणि त्यामागे उत्तरेत डॉक्टर टिकत नाहीत ही साधी अडचण होती. उत्तरेतच शिकलेला डॉक्टर उत्तरेत राहील असा हिशेब होता. अगदी टोकाच्या फिनमार्क भागात राहणाऱ्यांना प्राप्तिकरात सवलत आहे आणि त्यांच्या शैक्षणिक कर्जाचा काही भाग दरवर्षी माफ होतो. कॅनडाने तिसरी वाट धरली. यलोनाइफ हे १९३०च्या दशकात सोन्यासाठी वसले, १९६७ मध्ये प्रदेशाची राजधानी झाले आणि सोने संपल्यावर सरकारी नोकऱ्यांवर व हिऱ्यांवर तगले. पण हिऱ्यांच्या खाणींजवळ नवे शहर वसवलेच नाही. कामगार विमानाने जातात, दोन आठवडे राबतात, परत येतात. खाण संपली की सोडून यायला शहरच नसते, हा यातला रोखठोक विचार.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट ग्रीनलँडची. विखुरलेल्या वाड्यांतील लोकांना शहरात आणावे म्हणजे शाळा, दवाखाने देणे सोपे जाईल, असे डॅनिश राजवटीने ठरवले, आणि १९६५-६६ मध्ये राजधानी नूक येथे ‘ब्लॉक पी’ नावाची लांबलचक इमारत उभी राहिली. देशाच्या लोकसंख्येतला सुमारे एक टक्का तिच्यात राहत होता. आराखडा डेन्मार्कच्या सवयीचा. जाड कपडे घातलेल्या कोळ्याला तिची दारे अरुंद पडत, आणि मासे साफ करायला जागा नसल्याने ते काम न्हाणीघरात होई. २०१२ मध्ये ती इमारत पाडली.

जुन्नरला दक्षिणेकडून लागून असलेल्या आंबेगाव तालुक्याला ही गोष्ट परकी वाटू नये. या तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, आणि मूळ गावाचे नाव तेवढे सरकारी कागदांवर तरंगत राहिले. खोऱ्यातले महादेव कोळी लोक भातखाचरे आणि हिरड्याच्या झाडांवर जगणारे; पाणी कालव्यांतून पूर्वेकडच्या बागाइतीला गेले आणि विस्थापन त्यांच्या वाट्याला आले. पुढे त्यांच्यातल्या काहींनी सहकारी संस्था करून त्याच जलाशयात मासेमारी सुरू केली. किरुनातही शहर उठवावे लागले आहे. लोहखनिजाचा थर तिरका होऊन थेट शहराच्या खाली शिरतो, त्यामुळे खाण जितकी खोल जाते तितकी वरची जमीन शहराच्या बाजूने तडकत येते. खाणकंपनीने २००४ मध्ये शहर हलवावे लागेल असे कळवले; सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला नवे केंद्र बांधले गेले, २०१८ मध्ये नवी नगरपालिका इमारत उघडली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १९१२ सालचे लाकडी चर्च अखंड उचलून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेण्यात आले. खर्च कंपनीचा. किरुनाचे चर्च चाकांवर बसून गेले आणि आंबेगाव पाण्याखाली राहिले, यातला फरक श्रीमंतीचा आहेच. पण जाणाऱ्याची किंमत कोणी मोजायची याविषयीच्या कायद्याचा त्याहून मोठा आहे. तरी तेथील मूळ रहिवासी सामी लोकांच्या रेनडिअरच्या चराऊ वाटा खाणीने तुटल्या, त्याचा हिशेब तेथेही पुरता लागलेला नाही.

काठाची एक वेगळीच मिळकत असते: शांतता. अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी ऐकायच्या तर मोटारी, कारखाने, प्रक्षेपण यांचा विद्युत गोंगाट कमी हवा. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह दळणवळणाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले, आणि खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आहेत. जागा निवडताना या डोंगरांची आडही विचारात घेतली होती. किरुनाजवळ एसरेंज हे अग्निबाण-तळ, स्वालबार्ड द्वीपसमूहावर उपग्रहांचे संदेश झेलणारे केंद्र, हीही काठावरच गेली, मात्र शांततेसाठी नव्हे: पहिल्याला रिकामा मुलूख हवा होता, दुसऱ्याला ध्रुवांवरून जाणाऱ्या उपग्रहांचा मार्ग. पण शांततेची किंमतही द्यावी लागते. पुणे–नाशिक रेल्वेची आखणी नारायणगावच्या बाजूने होत असताना या दुर्बिणीला होणाऱ्या उपद्रवाचा प्रश्न पुढे आला आणि मार्ग बदलण्याचा विचार रेल्वेला करावा लागला. १८६०च्या दशकात रूळ बाजूने गेले ते घाटाच्या चढामुळे. या वेळी ते दूर जात आहेत ते आकाशासाठी.

तरीही जुन्नर तालुका व्होर्कुटासारखा ओस पडला नाही. व्होर्कुटा हे रशियाच्या उत्तरेतले कोळशाचे शहर. खाणी बंद होत गेल्या तशा त्याच्या भोवतालच्या वसाहतींत रिकाम्या इमारतींच्या रांगा उरल्या, कारण त्यांच्या खाली गोठलेल्या मातीशिवाय काही नव्हते. जुन्नरच्या खाली काळी जमीन होती. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचा कुकडी प्रकल्प झाल्यावर तिला पाणी मिळाले. ऊस, द्राक्ष, कांदा, टोमॅटो आले, सहकारी साखर कारखाने आले, आणि उसाच्या गर्द फडांत बिबटेही मुक्कामाला आले. मात्र या पैशाने जुन्नरची जुनी पेठ फारशी वाढली नाही. तो हमरस्त्यावर थांबला. पुणे–नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव टोमॅटोच्या बाजाराने आणि तमाशाच्या फडांनी नावारूपाला आले. विठाबाई नारायणगावकर यांचे हे गाव, आणि जत्रांचा हंगाम जवळ आला की आजही फडमालकांच्या राहुट्या येथे पडतात व गावोगावचे पुढारी सुपारी ठरवायला येतात. त्याच रस्त्याला कल्याण–नगर रस्ता जिथे छेदतो तो आळेफाटा काही दशकांपूर्वी नावाप्रमाणे नुसता फाटा होता, आज मोठी बाजारपेठ आहे. एका मोठ्या शहराऐवजी चारपाच मध्यम गावे, असा हा विस्तार आहे, आणि तो नॉरिल्स्कपेक्षा नॉर्वेच्या रीतीला जवळचा आहे, जरी कोणी तसा बेत केला नसला तरी.

जुन्या शहराला आता पर्यटनाचा आधार शोधला जात आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. फिनलंडचे रोव्हानिएमी हे शहर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळून टाकले होते. आल्वार आल्टो या वास्तुकाराने त्याची नवी आखणी केली आणि पुढे ध्रुववृत्तावर सांताक्लॉजचे गाव थाटून शहराने जगभरचे प्रवासी खेचले. रोव्हानिएमीला आपली आख्यायिका गेल्या काही दशकांत घडवावी लागली. लेण्याद्रीला तशी गरज नाही. मंगळवारी आणि चतुर्थीला गोळेगावच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते, भाविक पायऱ्या चढतात, वानरांपासून प्रसादाच्या पिशव्या जपतात, गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि शेजारच्या चैत्यगृहात डोकावून उतरतात. त्यांतले पुष्कळ जण कल्याणहून आलेले असतात. सुलसदत्ताच्या गावचे हे लोक आता नाणेघाटाने येत नाहीत. त्यांची गाडी माळशेज चढते, हमरस्ता सरळ आळेफाट्याकडे जातो, आणि लेण्याद्रीला यायचे तर मध्येच दक्षिणेला वळून गणेश खिंड ओलांडावी लागते.